जिनिंगची मागची भिंत

मागच्या भिंतीबद्दल मी पहिल्याच पाहणीत वहीत लिहिलं होतं, "दार बुजवलेलं आहे, उत्तम." कामाच्या वहीत कशाला उत्तम म्हणायची मला सवय नाही. जुन्या इमारती पाहत फिरणाऱ्या बाईला तसे प्रसंग फारसे येतही नाहीत. पण ही भिंत पाहून मला खरंच बरं वाटलं होतं. एवढी लांब, उंच, दगड-विटांची, चुन्यात बांधलेली भिंत आणि तिच्यात एक भोक म्हणून नाही. जमीन हलली तर असली भिंत म्हणजे आयता आधार.

इमारत म्हणजे आमच्या गावातलं जुनं जिनिंग. कळमनुरीकडे जाणाऱ्या रस्त्याला, निजामाच्या काळात बांधलेलं. गाड्यांनी कापूस यायचा, मशीनवर रुई आणि सरकी वेगळी व्हायची. पुढे आमच्याकडे सोयाबीन आलं, कापूस हटला, मशीनं भंगारात गेली. मधली काही वर्षं तिथे कुरुंद्याकडच्या हळदीची पोती रचलेली असायची. आताच्या मालकाच्या वडिलांनी जागा घेतली तेव्हा आत पारवे सोडून कोणी राहत नव्हतं. मुलाच्या डोक्यात आलं की रस्त्याच्या बाजूला दुकानं काढावीत आणि मागच्या मोठ्या हॉलमध्ये अभ्यासिका. सेनगाव-औंढ्याकडची पोरंपोरी पोलीस भरतीच्या नि तलाठ्याच्या परीक्षेसाठी गावात खोली करून राहतात. त्यांना शांत जागा हवी असते, पंखा हवा असतो आणि वायफाय तर हवंच.

सगळ्यांनी त्याला पाडून नवीन बांधायचा सल्ला दिला. मी एकटीच म्हणाले, पाडू नका, मी ही उभी करून देते. त्यात जुन्याचं प्रेम वगैरे काही नव्हतं. मला खुमखुमी होती. गावातले बाकीचे इंजिनिअर मला 'मॅडम, तुम्ही घराचे नकाशे करा' म्हणायचे, त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबवायच्या होत्या.

आमच्या भागात गेली काही वर्षं जमिनीतून आवाज येतो. गुडगुड होतं, कधी मांडणीतली भांडी वाजतात, माणसं बाहेर येऊन उभी राहतात आणि थोड्या वेळाने आत जातात. त्यामुळे नुसता रंग देऊन भागणार नव्हतं. मी भिंतींच्या भेगांत नळ्या घालून पातळ चुना भरला. समोरासमोरच्या भिंती लोखंडी सळयांनी एकमेकींना बांधल्या. छप्पर पेलणाऱ्या सागवानी तिकोनी कैच्यांखाली पोलादी खांब दिले आणि भिंतींच्या डोक्यावरून चारी बाजूंनी एक पट्टा फिरवला. बुजवलेल्या दाराच्या विटा मूळ भिंतीत गुंफलेल्या नव्हत्या, नंतर कोणीतरी घाईत भरल्या होत्या. तिथे मी दोन्ही अंगांनी जाळी ठोकून, गिलावा करून दाराची कायमची भिंत करून टाकली. नकाशाखाली सही केली.

हे सगळं सांगताना मला अजूनही अभिमान वाटतो, त्याला माझा इलाज नाही.

त्या हॉलमध्ये काम करणं मात्र कोणाला आवडायचं नाही. भिंतीला ड्रिल लावलं की वर कैच्यांच्या सांध्यांतून रुईचे तंतू गळायचे. जिनिंग बंद होऊन इतकी वर्षं झाली, मध्ये हळद येऊन गेली, तरी ती रुई कुठून येत होती देव जाणे. खाली पडायची नाही, उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहायची. तांड्यावरून कामाला येणाऱ्या बाया जेवायला बाहेर बसायच्या. आत जळकट वास येतो म्हणायच्या. मी त्यांना वेड्यात काढलं, मशीनचा वास आहे म्हणाले. मग एका दुपारी मशीन बंद होतं, मी एकटीच टेप लावून उभी होते आणि तो वास मलाही आला. जुनी चिंधी विझवल्यावर येतो तसा. मी टेप गुंडाळला आणि बाहेर येऊन त्या बायांच्या शेजारी बसले.

वासाचं कारण नंतर सापडलं. मागच्या भिंतीचा कोपरा खरवडताना चुन्याचे थरावर थर निघाले, पांढरे, निळसर, परत पांढरे, आणि सगळ्यांच्या खाली काळा. तो ओला केला की वास यायचा. त्याखालच्या विटा भाजून तडकल्या होत्या, दगडाचे पापुद्रे सुटले होते. कधीकाळी इथे मोठी आग लागली होती आणि तिच्यावर चुना मारून मोकळे झाले होते. मी वहीत 'आगीच्या खुणा' असं लिहून पुढच्या कामाला लागले.

आई माझ्याकडेच राहते. मी हे काम घेतलं असं सांगितल्यावर ती नुसतं 'बरं' म्हणाली. एरवी माझ्या प्रत्येक साइटची तिला उठाठेव. मिस्त्री कुठला, पाणी मारतो का, सगळं विचारते. या कामाचं तिने एका शब्दाने विचारलं नाही. तसा त्या रस्त्याचा तिला पूर्वीपासून राग होता. बाजाराला जायचं तरी रिक्षावाल्याला स्टेशनकडून वळसा घालायला लावायची आणि आम्ही भावंडं तिची टर उडवायचो.

तो काळा थर निघाला त्या दिवशी मी घरी आले तेव्हा ती अंगणात तूर निवडत बसली होती. नळावर हात धुतले तरी नखांतलं काळं निघेना. तिने मला जवळ बोलावलं, माझा हात धरला आणि बोटांचा वास घेतला. लहानपणी मी काही चोरून खाल्लं की घ्यायची तसा.

"कोन्या भितीचं हाय हे?"

मागच्या, असं मी सांगितलं.

"तिथं दार व्हतं," ती म्हणाली आणि परत तूर निवडायला लागली.

दाराचं मी घरात कोणाजवळ बोलले नव्हते. तुला कसं माहीत, असं दोनतीनदा विचारलं. दोन दिवस घरात तिने भाकरी केल्या, कपडे वाळत घातले, शेजारणीशी बोलली, माझ्याशी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा ओट्याकडे तोंड करून, भाकरी थापता थापता तिने सगळं सांगितलं. एकदाही वळून पाहिलं नाही.

ती त्या जिनिंगात कामाला होती. लग्नाच्या आधी, दोन हंगाम. आम्हाला तिने आयुष्यभर शेतात मजुरीला जायचे म्हणून सांगितलं होतं. गावातल्या बाया सकाळी चालत यायच्या, दिवसभर मशीनपाशी उभं राहून मुठीमुठीने कापूस लावायच्या. हॉलला दारं दोन. मागच्या दाराला कामाच्या वेळात बाहेरून कुलूप असायचं, कारण सगळ्यांनी पुढच्या एकाच दाराने निघायचं असा नियम होता. त्या दारात झडतीवाली बसायची. प्रत्येकीने उंबरठ्यावर थांबायचं, पदर सोडून झाडायचा, कमरेचा ओचा उलगडून दाखवायचा आणि मगच खाली उतरायचं. कोणी वातीपुरती रुई खोचून नेऊ नये म्हणून. जी न थांबता उतरेल तिला दुसऱ्या दिवशी काम नाही. पुढच्या दाराच्या दगडी उंबरठ्याला मधोमध खोलगट झीज आहे. मी तिचा फोटो काढून ठेवला होता, छान दिसते म्हणून.

तिची एक मैत्रीण होती, एकाच गल्लीतली. दोघी बरोबर यायच्या, बरोबर जायच्या, शेजारशेजारच्या मशीनवर उभ्या राहायच्या. एका दुपारी कापसातून आलेला खडा मशीनमध्ये घासला, ठिणगी पडली आणि रुईच्या ढिगाने पेट घेतला. रुईला ज्वाळ कमी, धूर जास्त. सगळ्या बाया पुढच्या दाराकडे पळाल्या. झडतीवाली आधीच उठून पळून गेली होती. दार सताड उघडं होतं.

इथे आईचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मी उलटली.

"सगळ्यात पुढची बाई उंबऱ्यावर थांबली," आई म्हणाली. "तिनं पदर झाडला."

मला कळलं नाही. कशाला, म्हणून मी विचारलं.

"काहून ते तिला तरी कुठं ठावं. सवय. पाय उचलायचा म्हन्लं की हात पदराला जायचा. दुसरीनं बी झाडला. तिसरीनं बी. मांगं धूर यिऊन राहिला, बाया खोकून राहिल्या, आन् आमी एकीमांगं एक पदर झाडून राहिलो. कोनी झडती घ्याला न्हाई, कोनी बघाला न्हाई."

मग आईची पाळी आली. तिच्या मागे तिची मैत्रीण होती.

"तिचा हात माह्या पाठीवर व्हता. ढकलून न्हाई राहिली ती, नुस्ता ठेवला व्हता. मी पदर झाडला. ओचा सोडला, परत खोसला. खाली उतरले तं पाठीवर हात न्हवता."

वरची कैची तेवढ्यात खाली आली होती. दुसऱ्या बाजूने माणसांनी मागच्या दाराचं कुलूप तोडलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या वेळच्या मालकाने नंतर मागचं दार विटांनी भरून घेतलं. आई परत कामावर गेली नाही, तिचं लग्न करून टाकलं. मैत्रिणीच्या घरच्यांनी तिला कधी काही विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

"पदर झाडाला किती टाइम लागतो गं?" तिने मला विचारलं. मी इंजिनिअर आहे, मोजमापाची माणूस आहे, म्हणून विचारलं असावं. मला रडू आलं. तिला आलं नाही. तिने पुढची भाकरी थापायला घेतली.

मी तशीच मालकाकडे गेले आणि म्हणाले, मागच्या भिंतीत दार काढावं लागेल. तो हसला. वाईट माणूस नाही तो. पैशाला चोख, बोलायला गोड. म्हणाला, मॅडम, पोरींचे आईबाप येऊन पहिलं काय विचारतात माहीत आहे का? दारं किती. एकच आहे म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. पोरगी कधी आली, कधी गेली, सगळं कळतं. मग हळूच म्हणाला की ते दार तुमच्याच सहीने बुजलं आहे आणि मागे दार नसलं की भिंत मजबूत राहते हेही तुम्हीच मला पटवून दिलं होतं.

खोटं कशाला सांगू, मी गप्प बसले. वायरिंग नवीन आहे, आग विझवायचे लाल डबे लावले आहेत, इथे आता रुई नाही, असं मनाला समजावत राहिले. आईला मात्र मी दार काढतेय असं सांगून टाकलं होतं. ती रोज संध्याकाळी विचारायची, "झालं का?" आणि मी रोज काहीतरी थाप मारायचे. साइटवर गेले की मागच्या भिंतीकडे पाठ करून उभी राहायचे. पाठ केली की ती भिंत जास्तच जाणवायची. तिच्या पलीकडे कोणीतरी आहे असं वाटत नव्हतं. अलीकडे, माझ्या बाजूला, कोणीतरी आहे असं वाटायचं.

तेवढ्यात मालकाने दुकानांचं काम संपायच्या आधीच अभ्यासिका चाचणी म्हणून सुरू केली. जिथे मशीनच्या रांगा होत्या तिथे टेबलांच्या रांगा लागल्या. दाराच्या चौकटीला थंबचं मशीन बसवलं. येताना अंगठा लावायचा, जाताना लावायचा आणि दोन्ही वेळा घरी मेसेज जायचा.

पहिल्याच आठवड्यातली सकाळ, दहा-साडेदहाची वेळ. मी आणि मालक पुढच्या दारासमोर उभे राहून दुकानांच्या पाट्यांबद्दल बोलत होतो. आधी पारवे उडाले, मग पायाखालून तो आवाज आला. नेहमीपेक्षा मोठा. पत्रे थरथरले. आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि पोरंपोरी दाराकडे धावली.

सगळ्यात पुढे भरतीची तयारी करणारा एक धिप्पाड पोरगा होता. तो उंबरठ्यावर आला आणि थांबला. त्याने अंगठा लावला. मशीन म्हणालं, थँक्यू. तो उतरला. त्याच्या मागचा थांबला, त्यानेही लावला. थँक्यू. मग एक मुलगी आली. तिच्या बोटाला घाम होता, मशीनने तो घेतला नाही. प्लीज ट्राय अगेन. तिने बोट ओढणीला पुसलं आणि परत लावलं. प्लीज ट्राय अगेन. तिच्या मागे रांग उभी होती. कोणी तिला ढकलत नव्हतं. सगळे आपापला अंगठा पुसत होते.

मी पुढे झाले आणि त्या मुलीला दंडाला धरून खाली ओढलं. बाकीच्यांना ओरडून बाहेर काढलं. तोवर आवाज थांबला होता. इमारतीचा पोपडाही पडला नव्हता. ती मुलगी माझ्याकडे रागाने पाहत होती.

"मॅडम, थंब लागला नाही तर घरी मेसेज जात नाही," ती म्हणाली. "पप्पा फोनवर फोन करतेत."

मालक त्या मशीनकडे पाहत होता. "असं करा म्हणून मी कोणाला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"माझ्या आईलाही कोणी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले आणि तिथेच पायरीवर बसून त्याला सगळं सांगितलं. त्याने शेवटी एवढंच विचारलं की भिंत कधी फोडायची. अभ्यासिका त्याच दिवशी बंद केली. मशीन त्याने स्वतः उचकटून आतल्या भिंतीवर नेलं, फक्त येतानाचा अंगठा घ्यायला.

माझंच काम मला दाद देईना. ती जाळी मी इतकी घट्ट ठोकली होती की कापायला दोन दिवस गेले. वरचा भार आधी टेकूंवर घेतला, मग एकेक वीट काढली. विटांच्या आतल्या अंगाला काळं होतं. दार मोकळं झालं तेव्हा खालचा दगडी उंबरठा दिसला. त्याला जराही झीज नव्हती, नुकताच घडवून बसवल्यासारखा. तो दगड मी काढून टाकला आणि जमीन सपाट केली. भोकाच्या चारी बाजूंनी पोलादाची जाड चौकट बसवली. भिंतीने जेवढं बळ गमावलं तेवढं ती चौकट पेलते. हे मी तीन वेळा हिशेब करून पाहिलं आहे. वहीत या वेळी उत्तम वगैरे काही लिहिलं नाही.

अभ्यासिका परत उघडायच्या आदल्या सकाळी आईला म्हणाले, झालं. ती लगेच निघाली. रिक्षावाल्याने सवयीने स्टेशनकडे वळवली तर तिनेच त्याला सरळ घ्यायला सांगितलं.

पुढच्या दाराने ती आत गेली ती माझा हात धरून. टेबलांच्या रांगांतून सावकाश चालली. मधल्या एका टेबलापाशी थांबली, त्याच्या शेजारच्या टेबलावर तळवा टेकवला, मग तशीच मागच्या दाराकडे गेली. मी तिला चौकट दाखवली, किती भार घेते ते सांगायला लागले. तिचं लक्ष नव्हतं.

"उघडतं कसं?"

आतून नुसतं ढकलायचं, मी म्हणाले. कुलूप नाही, कडी नाही. तिने तळव्याने ढकललं. दार उघडलं. तिने मला ते परत लावायला सांगितलं आणि परत ढकलून पाहिलं. असं तीनदा केलं. मग ती बाहेर गेली, दोन पायऱ्या उतरून मोकळ्या जागेत उभी राहिली आणि वळून आत पाहायला लागली. ऊन चढत होतं. समोरच्या शेतात तूर फुलावर आली होती. मी दार धरून उभी होते. बराच वेळ गेला. तिला उन्हाचा त्रास होतो, म्हणून मी चल म्हणाले.

"दारातून सर," आई म्हणाली. "ती यिऊन राहिली."

मी सरले.